ट्रान्सफॉर्मर कोण भरतं

ईशानीने गिटार पिशवीतून बाहेर काढण्याआधी खोलीतला पंखा बंद केला. विचारलं नाही, नुसतं बटण दाबलं.

"उकडेल," विष्णू बेहेरे म्हणाले.

"उकडू दे सर. मी अँप ऐकायला आलेय. पंख्याची घरघर मला माझ्या घरीही ऐकू येते."

बेहेऱ्यांनी राग गिळला. गिऱ्हाईक होतं. शिवाय ही बाई कर्जतच्या शाळेत नववी ब मध्ये त्यांची विद्यार्थिनी होती, हे तिनेच फोनवर सांगितलं होतं. त्यांना ती आठवत नव्हती. "प्रकाशाच्या धड्याला तुम्ही मला वर्गाबाहेर काढलं होतंत," असं ती म्हणाली होती, आणि ते गमतीत म्हटलेलं नव्हतं.

एकतीस वर्षं विज्ञान शिकवून बेहेरे निवृत्त झाले आणि भिसेगावातल्या घराच्या मागच्या खोलीत गिटारचे अँप्लिफायर करण्याचा जुना छंद त्यांनी पूर्णवेळचा केला. दुकानात मिळतात तसले नव्हेत. व्हॉल्व्हचे, एकेक हाताने जोडलेले, महिन्याला एक. जुन्या रेडिओत असायचे तसल्या काचेच्या व्हॉल्व्हवर चालणारा अँप गिटारवाल्यांना आजही का लागतो, हे ते कुणालाही अर्धा तास समजावून सांगत; समोरच्याने विचारलेलं नसलं तरी. पुण्याहून, बंगळुरूहून, एकदा तर शिलाँगहून माणसं इथवर आली होती. प्रत्येक पेटीच्या दर्शनी बाजूला पितळेची पाटी असे: बेहेरे. खाली बारीक अक्षरांत: संपूर्ण हातकाम, कर्जत.

ईशानीचं रेकॉर्डिंग पुढच्या महिन्यात दहा तारखेला खालापूरजवळच्या एका स्टुडिओत सुरू होणार होतं. एकटी गिटार. सोबत तबला नाही, गाणं नाही, त्यामुळे लपायला जागाही नाही.

"मला क्लीन हवाय सर. जोरात वाजवलं तरी क्लीन. आवाज मोठा होऊ दे, फुटायला नको."

"क्लीन म्हणजे काय ते मला माहीत आहे."

"माहीत असेल. मला ऐकायचंय."

बेहेऱ्यांनी आधी वीस वॉटचा छोटा अँप लावला. व्हॉल्व्ह तापेपर्यंत दोघंही एकमेकांकडे न बघता थांबली. मग तिने सहाही तारा एकदम छेडल्या, आधी हलक्या, मग जोरात, मग आणखी जोरात. चौथ्या फटक्याला आवाजाची कड फाटली.

"हा नको."

"वीस वॉटचा आहे. इतकं बडवल्यावर फुटणारच. पुष्कळांना तो फुटलेलाच आवडतो."

"त्यांना विका."

दुसरा चाळीस वॉटचा होता, नवाकोरा, व्हॉल्व्हही मोठे. तिने तेच वाजवलं, तेवढ्याच जोरात. हा फुटला नाही. खालच्या जाड तारा ताठ उभ्या राहिल्या. बेहेऱ्यांनी भुवया किंचित उंचावल्या, वर्गात अवघड गणित सुटल्यावर उंचावत तशा. पण तिचा हात गिटारच्या मानेवरून वर सरकला, बारीक तारांवर आला, आणि तिने मान हलवली.

"चिरकतोय."

"कुठे?"

"तुम्हाला ऐकू येत नाहीये?" तिने एकच सूर चार वेळा वाजवला. "प्रत्येक सुराच्या टोकाला काटा आहे. माशाच्या घासात लागावा तसा."

बेहेऱ्यांना ऐकू येत होतं. चौदा महिने, प्रत्येक नव्या अँपमध्ये येत होतं. व्हॉल्व्ह बदलून झाले होते, कंडेन्सर बदलून झाले होते, पेटीचं लाकूडसुद्धा. काटा जात नव्हता.

"स्पीकर नवा आहे. वाजून वाजून मोकळा होईल."

"स्पीकरला नावं ठेवू नका सर. हाच स्पीकर त्या पेटीला जोडा," असं म्हणून तिने कोपऱ्यातल्या, चादर घातलेल्या अँपकडे बोट केलं.

"तो विकायचा नाही. पुण्याच्या एका डॉक्टरांचा आहे, चार वर्षांपूर्वीचा. स्विच बदलायला आलाय."

"विकत कुठे मागतेय? ऐकवा."

बेहेरे कोपऱ्यात गेले. त्यांनी चादर काढली, वायर जोडली. ईशानीने वाजवलं, आणि खोलीतली हवाच बदलली. सहा तारा एकदम वाजत होत्या आणि सहाही वेगवेगळ्या मोजता येत होत्या. तिने जोर वाढवला तसा आवाज नुसता जवळ आला. बारीक तारांचे सूर गोल होते, टोकापर्यंत.

बेहेऱ्यांच्या पत्नी सुचेता एरवी या खोलीकडे फिरकत नसत. आज त्या हातातली पालेभाजी तशीच घेऊन दारात आल्या. "हा बरा लागतोय," त्या म्हणाल्या. "हे रोज वाजवतात तो नको गं बाई. कानात सुई घातल्यासारखा."

"तुला कुणी विचारलं?" बेहेरे म्हणाले.

"कुणी नाही. कान मात्र माझेच आहेत." त्या गेल्या नाहीत.

ईशानीने गिटार मांडीवर आडवी ठेवली. "दोन्हींचं सर्किट एकच?"

"तंतोतंत."

"ट्यूबा?"

"व्हॉल्व्ह. त्याच कंपनीचे."

"स्पीकर तर तोच आहे. मग उरला आउटपुट ट्रान्सफॉर्मर. तो कोण भरतं?"

कर्जत-खोपोलीकडे शेतावरच्या पंपाची मोटार जळली की ती भरून आणतात. तांब्याची तार पुन्हा वेटोळ्यावर वेटोळं गुंडाळायची, याला भरणं म्हणतात. ट्रान्सफॉर्मरलाही तोच शब्द. अँपमधला हा शेवटचा ट्रान्सफॉर्मर व्हॉल्व्हमधून आलेला आवाज स्पीकरकडे सोडतो, आणि त्याचे थर नीट बसले नाहीत तर पुढे कितीही चांगला स्पीकर लावा, उपयोग नाही.

"मीच भरतो," बेहेरे म्हणाले. हे वाक्य इतक्या जणांना सांगून झालं होतं की त्यावर जीभ अडखळत नसे.

दारात सुचेताबाईंनी भाजीची जुडी या हातातून त्या हातात घेतली.

"छान," ईशानी म्हणाली. "मग पुढच्या रविवारी माझ्यासमोर भरा. या जुन्यासारखा. मी इथे बसून बघेन. जमला तर अँप घेईन. नाही जमला तर घेणार नाही, आणि का घेतला नाही तेही विचारेल त्याला सांगेन."

"धमकी देतेस?"

"तुम्ही मला बाहेर काढलंत तेव्हा कारण सांगितलं नव्हतंत. मी आधी सांगतेय."

तिने गिटार पिशवीत घातली, जाताना पंखा चालू केला.

बेहेऱ्यांनी आयुष्यात एकही ट्रान्सफॉर्मर भरला नव्हता. ते सर्किट काढत, जोडण्या करत, पेट्या बनवून घेत, आणि शेवटी चार-चार दिवस बसून आवाज लावत. हे सगळं खरंच त्यांचं होतं आणि त्यात ते तरबेज होते. ट्रान्सफॉर्मर गोदा भरायची. गोदा कर्जतजवळच्या कोंडाणे लेण्यांच्या पायथ्याच्या ठाकरवाडीतली. खालापूरच्या बाजूला ट्रान्सफॉर्मरचा एक कारखाना होता, तिथे तिने अकरा वर्षं हेच काम केलं. कारखाना बंद पडला तेव्हा ती बेहेऱ्यांकडे आली आणि पुढची नऊ वर्षं या खोलीत, खिडकीखालच्या हातमशीनवर बसून तार भरत राहिली. पुण्याच्या डॉक्टरांचा अँप तिच्या हातचा होता. शिलाँगचाही.

चौदा महिन्यांपूर्वी तिने एक मागणी केली होती. पितळी पाटीवर नव्हे, आत, ट्रान्सफॉर्मरच्या पत्र्यावर तिचं नाव लिहायचं.

"आत कोण बघतंय?" बेहेरे हसून म्हणाले होते.

"कोन बघत नाय तर लिवा की."

बेहेऱ्यांनी सर्किट कुणाचं आहे, डोकं कुणाचं आहे, यावर बराच वेळ सांगितलं. गोदाने ते सगळं ऐकून घेतलं, हातातला ट्रान्सफॉर्मर पुरा केला, कात्री पदराला पुसून ठेवली, आणि दुसऱ्या दिवसापासून आली नाही. तेव्हापासून ट्रान्सफॉर्मर ठाण्याच्या एका दुकानातून भरून येत होते. कोणता थर कशानंतर, याच्या खुणा गोदाने मशीनमागच्या भिंतीवर खडूने करून ठेवल्या होत्या: जाड-बारीक अशा पाच रेघा. त्या बेहेऱ्यांनी जशाच्या तशा कागदावर उतरवून ठाण्याला दिल्या होत्या. तरी काटा होताच.

सोमवारी आणि मंगळवारी ते स्वतः मशीनवर बसले. उजव्या हाताने दांडा फिरवायचा, डाव्या हाताच्या दोन बोटांतून केसाएवढी तार सोडायची, वेढ्याला वेढा चिकटून. पहिल्यांदा तार दोनशेव्या वेढ्याला तुटली. मग नव्वदाव्या. मग तुटली नाही, पण एकावर एक चढून तिचा नुसता गुंता झाला.

"अहो, त्या बाईला बोलवा," सुचेताबाई म्हणाल्या. "किती दिवस तार तोडत बसणार?"

"तिचं नाव काढू नकोस."

"तुम्ही कधी काढलं नाहीत म्हणूनच तर गेली ती."

बुधवारी सकाळी बेहेऱ्यांनी स्कूटर काढली.

गोदा अंगणात वाल पाखडत बसली होती. तिचा नवरा नागू ओट्यावर दोरी वळत होता. त्यानेच आधी बघितलं. "गो, मास्तर आलं बघ तुजं."

"माजं कशाला? आपलं आपुन आलंत." सूप हलतच राहिलं.

बेहेरे उन्हात उभे राहिले. "बस म्हणणार नाहीस?"

"उभं ऱ्हायला कोन नाय म्हनतंय?"

नागू दोरीकडे बघून हसला. बेहेऱ्यांनी ठरवून आणलेली प्रस्तावना सोडून दिली. "ठाण्यात भरून घेतोय. तुझ्याच खुणांप्रमाणे. जमत नाहीये."

"कसल्या खुना?"

"भिंतीवरच्या. पाच रेघा. जशाच्या तशा दिल्यात त्यांना. वरची रेघ पहिली, मग तिच्या खालची, मग..."

सूप थांबलं. "वरची पयली?"

"मग?"

गोदा नवऱ्याकडे वळली. "आयकलंस काय रं? मास्तरांनी वरून वाचलं." नागूने दोरी खाली ठेवली आणि मोकळेपणी हसायला लागला.

"हसण्यासारखं काय आहे त्यात? कुठलंही लिखाण वरूनच वाचतात."

"लिवलेलं वाचतात. मी लिवलं न्हवतं, रचलं हुतं." गोदाने हाताने हवेत थरावर थर दाखवला. "भाताची उडवी रचतात तर पयला भारा आभाळात ठेवतात काय वो? पयला भुईला. मग त्याच्यावर दुसरा. खालची रेघ पयली. सगळं उलटं भरलं त्या ठाण्याच्या मानसानं. आतलं भाईर न् भाईरचं आत. चिरकल नाय तर काय करल?"

चौदा महिने. व्हॉल्व्ह, कंडेन्सर, लाकूड. बेहेऱ्यांच्या कानशिलाला घाम आला. त्याच क्षणी त्यांच्या मनात दुसराही हिशेब सुरू झाला: आता कळलं. आता हिची गरज काय? ते नकळत स्कूटरकडे वळले असावेत, कारण गोदा म्हणाली, "कळलं ना? जावा मंग. भरा."

ते थांबले. ठाण्याचा माणूस तीन आठवडे घेई. आणि ईशानी रविवारी समोर बसणार होती. त्यांनी ते सांगितलं, शक्य तितक्या थोडक्यात.

"म्हंजे तिला बोललाव, तुमी भरता."

"हो."

"आनि येत तर नाय."

बेहेऱ्यांनी मान डोलावली.

"मास्तर नापास," नागू म्हणाला.

"तू गप रं." गोदाने वालातला एक खडा काढून टाकला. "मी येते रविवारी. मशीनवर मी बसनार. आनि ती बाई ईचारल तवा तुमच्या तोंडानं सांगायचं, ट्रान्सफॉर्मर गोदा भरते. मी न्हाय सांगनार. तुमी. दुसरं काय नको मला."

"सांगेन."

"बघा."

"शब्द देतो म्हटलं ना!"

"वरडू नका. ही तुमची शाळा नाय."

रविवारी गोदा तिच्या वाडीतल्या कमळ्याच्या टेंपोतून आली. कमळ्या वालाची पोती घेऊन कर्जतच्या बाजारात आला होता. तो पोती टाकून परत येऊन फाटकाबाहेर टेंपोतच आडवा झाला. गोदा खोलीत आली, सुचेताबाईंनी दिलेलं पाणी तिने प्यायलं नाही, भांडं खिडकीत ठेवलं. मशीनवरची बेहेऱ्यांची तुटकी तार बोटाने उचलून बघितली आणि केरात टाकली. ईशानी दहाला आली तेव्हा पहिला थर निम्मा भरून झाला होता.

ईशानी दारातच थांबली. मशीनवर कोण असेल याचं जे चित्र तिच्या डोक्यात होतं ते हे नव्हतं. गोदाचा उजवा हात दांडा फिरवत होता, एका चालीत, घाई नाही की ढिलाई नाही. डाव्या हाताची दोन बोटं तारेला नुसती सोबत करत होती. वेढे दाखवणाऱ्या आकड्याकडे ती बघतही नव्हती. थर पुरा झाला की कागदाची पट्टी, पट्टीवर पुन्हा थर. तार इतकी सारखी बसत होती की वरून तांब्याचा पत्राच वाटावा.

ईशानीने पाच-सहा मिनिटं उभ्यानेच बघितलं. मग बेहेऱ्यांना विचारलं, "या कोण?"

बुधवारपासून बेहेऱ्यांनी ते वाक्य स्कूटरवर म्हटलं होतं, आंघोळीला म्हटलं होतं. आत्ता फक्त म्हणायचं होतं. गोदाचा हात फिरत होता, पण तिची मान किंचित वळली होती. सुचेताबाई दारात होत्या.

"ही गोदा," बेहेरे म्हणाले. "ट्रान्सफॉर्मर हीच भरते. जुन्या अँपमधलेही हिनेच भरलेत."

इथे ते थांबले असते तर सगळं निभावलं असतं. पण ज्या वाक्यात आपण नाही ते वाक्य त्यांना अपुरं वाटे. एकतीस वर्षांत कुठल्याही हुशार मुलाची ओळख त्यांनी एकाच पद्धतीने करून दिली होती, आणि त्यांच्या मते ती शाबासकी होती.

"माझ्या हाताखाली तयार झाली," ते म्हणाले.

दांडा थांबला.

"कुनाच्या?" गोदाने विचारलं.

"अगं, चांगलंच सांगतोय मी. म्हणजे इथे, माझ्याकडे..."

"हाताखाली?" तिचा आवाज चढला नव्हता. "तुमी पोरांना आरसं न् भिंगं दाखवत हुता तवा मी कारखान्यात दिसाला सा-सा नग भरत हुते. तयार हून आले हुते मी तुमच्याकडं. तुमच्या हाताखाली काय तयार झालं मास्तर? ह्यो गुंता?" तिने केराकडे बोट केलं.

"गोदा, पाहुण्यांसमोर..."

"पाव्हन्यांम्होरंच. बसा." ती उठली. तार सैल पडू नये म्हणून तिने ती चिमटीत धरून ठेवली होती. "हाताखाली तयार केली ना मला? मंग हात दावा बाईंना. बसा की."

बेहेऱ्यांनी ईशानीकडे बघितलं. ती मदतीला येईल असं त्यांना का वाटलं कोण जाणे. ईशानी म्हणाली, "बसा ना सर. मी तेच बघायला आलेय."

ते बसले. गोदाने तार त्यांच्या बोटांत दिली. त्यांनी दांडा फिरवला. एक वेढा, दुसरा, दहा, पंधरा. खोलीत नुसती दातेरी चाकाची टकटक. सोळाव्याला तार आधीच्या वेढ्यावर चढली.

"चढली," गोदा मागून म्हणाली.

"दिसतंय मला."

त्यांनी ती नखाने खाली ढकलायला जोर दिला. तुटल्याचं हाताला कळलंसुद्धा नाही. तारेचं टोक हवेत उभं राहिलेलं दिसलं तेवढंच. गोदाने तासभर भरलेली तार सुटून विस्कटायला लागली.

बेहेरे दांडा धरून बसून राहिले.

"सर," ईशानीने विचारलं, "आजवर तुम्ही स्वतः किती भरलेत?"

"हे बघ, सर्किट..."

"सर्किटचं नाही विचारलं."

"एकही नाही," बेहेरे म्हणाले.

"मग मागच्या रविवारी मला काय सांगितलंत?"

"खोटं सांगितलं." हे बोलून झाल्यावर ते गर्रकन गोदाकडे वळले, आणि त्यांच्या आवाजात पुन्हा धार आली. "झालं समाधान? सांगितलं मी! माझ्या तोंडाने सांगितलं!"

"तुमी नाय सांगितलं," गोदा म्हणाली. "तार तुटली म्हनून निघालं."

तिने चपला घातल्या आणि ती बाहेर गेली. सुचेताबाईंनी तिला वाट करून दिली, नवऱ्याकडे एकदा बघितलं आणि त्याही आत निघून गेल्या.

ईशानी गोदाच्या मागोमाग फाटकापर्यंत गेली. बेहेऱ्यांना खिडकीतून दोघी दिसत होत्या, अर्धंमुर्धं ऐकूही येत होतं. ईशानी काहीतरी समजावत होती. गोदा टेंपोच्या दाराला टेकून हाताची घडी घालून उभी होती.

"बाई, तुमाला पन गरज हाय म्हनून तुमी आलाव मागं," तिचा आवाज आला. "माझी कड घ्यायला नाय आलाव. मला ठाव हाय."

"हो. गरज आहे म्हणूनच आलेय," ईशानी म्हणाली. "दहा तारखेला मला अँप हवाय."

गोदाला हे उत्तर पटलं असावं. पुढचं बोलणं हळू झालं. कमळ्या टेंपोत उठून बसला होता आणि उघडउघड ऐकत होता.

ईशानी परत आली ती दारातच उभी राहिली. "त्या भरतील. पण इथे नाही, त्यांच्या घरी. मशीन तिकडे न्यायचं. आजच, टेंपो आहे तोवर. आणि पुढेही ते तिथेच राहील. ट्रान्सफॉर्मर लागला की तुम्ही तिथे जाऊन मागायचा."

"मशीन माझं आहे!"

"आहे ना. पण चालवता येत नाही तुम्हाला."

"आणि मी नाही म्हटलं तर?"

"तर मी दुसरीकडे बघेन. आणि तुम्ही तो चिरका विकत बसाल, कुणी घेतला तर."

बेहेऱ्यांकडे आणखी तीन पेट्या तयार होत्या, तिन्हींत ठाण्याचे ट्रान्सफॉर्मर. ते आता परत जाणार होते, आणि सरळ भरून आले तरी गोदाच्या हातचे होणार नव्हते, हे अर्ध्या तासापूर्वी त्यांनी स्वतःच्या डोळ्यांनी बघितलं होतं. त्यांनी विस्कटलेल्या तारेकडे बघितलं. मग मोठ्या मनाने बोलल्यासारखं म्हणाले, "ठीक आहे. पाटीवर तिचं नाव घालतो, सांग तिला. बेहेरे आणि गोदा. आता आतबित नको, सरळ पुढे, पितळेत."

"मी विचारलं त्यांना तेही."

"मग?"

"म्हणाल्या, मास्तरांच्या नावाशेजारी नको." ईशानीने गिटारची पिशवी खांद्याला लावली. "त्या नुसते ट्रान्सफॉर्मर विकणार आहेत, मागेल त्याला. त्यांचं नाव त्यावर येईल. तुम्हीही गिऱ्हाईक."

मशीन टेबलाला चार बोल्टांनी पक्कं केलेलं होतं. तीन सुटले. चौथा गंजला होता. कमळ्याने येऊन तो पान्याने सोडवला, बेहेऱ्यांना बाजूला सारून. दोघांनी ते बाहेर आणलं. रविवारची अकराची वेळ, शेजारी ओट्यावर होते. निवृत्त मास्तर लोखंडी यंत्राचं एक टोक धरून, वाकून, आपल्याच फाटकातून उलट्या पावलांनी निघालेले सगळ्यांनी बघितले. एकाने विचारलं, "विकलं काय सर?" बेहेऱ्यांनी ऐकलं नाही असं दाखवलं.

मशीन टेंपोच्या हौद्यात ठेवलं. कमळ्याने ते हलवून पाहिलं. "ह्ये असं नाय ऱ्हायाचं. दोरी नाय माज्याकडं. कुनीतरी मागं धरून बसाया पायजे."

त्याने गोदाकडे बघितलं. गोदा आधीच पुढे, ड्रायव्हरशेजारच्या सीटवर बसली होती आणि समोर बघत होती. ईशानी तिच्या गाडीत बसत होती.

"स्कूटरवरून मागून येतो मी," बेहेरे म्हणाले.

"मंग पडंल ह्ये. नाक्याच्या वळनावरच पडंल. मी जिम्मा घ्यायचा नाय मास्तर."

पडून मशीनचा अक्ष वाकला असता तर तो कुणालाच सरळ करता आला नसता. बेहेऱ्यांनी चपला काढून हौद्यात टाकल्या, दोन्ही हातांनी फळी धरली आणि दुसऱ्या प्रयत्नात वर चढले. हौद्यात वालाचा भुसा होता. ते पाय पसरून बसले, मशीन मांडीजवळ ओढून घेतलं आणि दोन्ही हातांनी कवेत धरलं. पांढऱ्या लेंग्याला ग्रीस लागलं.

"बसलाव?" कमळ्याने पुढून विचारलं.

"बसलो. हळू ने रे. काउंटर नाजूक आहे त्याचा."

कमळ्याने गोदाकडे बघितलं.

"चल रं," गोदा म्हणाली, "वाल तसंच पडलंत घरी."